कमी खरखरीचं किट

मंगळवार, ६ फेब्रुवारी

दादा आज पुन्हा नीट ऐकू आला नाही. साडेसहाला सेट लावला, गच्चीवरची अँटेना डोंगराकडे फिरवली, चहाचा कप रेडिओवर ठेवला (ठेवू नये, मला माहीत आहे) आणि हाक मारली. तो आला, पण खरखरीच्या तळाशी कोणीतरी पुटपुटतंय असा. सिग्नल दाखवणारी सुई दोनाच्या वर जाईना. गेल्या वर्षी हाच माणूस सातावर यायचा आणि मला रेडिओचा आवाज कमी करावा लागायचा.

नवी वही आहे म्हणून एकदा लिहून ठेवते. दादा डोंगरापलीकडच्या गावात राहतो, मी अलीकडच्या शहरात. मी शाळेत असताना त्याने मला रेडिओ शिकवला, परीक्षेला बसवलं, परवाना मिळवून दिला. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून रोज सकाळी आम्ही हवेतून बोलतो. लोक विचारतात, फोन आहे की. आहे. फोनवर आम्ही भावंडं दोन मिनिटांत भांडतो. रेडिओवर एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने त्याचं संपेपर्यंत ऐकायचं, मध्ये तोंड घालायची सोयच नाही, म्हणून आमचं टिकलंय. त्यातही आमची पद्धत अशी की नुसतं बटण दाबून काही जात नाही. जितक्या जोरात बोलाल तितकी ताकद अँटेनातून बाहेर पडते, गप्प बसलात की काहीच नाही. दादा म्हणायचा, "टिटवे, ही पद्धत कोणीतरी तुझ्याकडे बघूनच काढलीय." लहानपणी माझी फार कलकल असायची म्हणून मी टिटवी. पन्नाशी उलटली तरी त्याने ते सोडलेलं नाही.

आज त्याने टिटवी म्हटलं की नाही, तेही कळलं नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मी इस्पितळात कान तपासते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर यंत्र चढवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बोट वर करायला सांगायचं. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलंय: मला सगळं ऐकू येतं, घरातली माणसंच पुटपुटतात. त्यांना वाटतं जग पुटपुटतंय, आणि बिघाड असतो त्यांच्या कानात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की दादा पुटपुटायला लागल्यावर पहिला संशय मी स्वतःवरच घेतला.

आज जेवणाच्या सुट्टीत काचेच्या खोलीत मीच जाऊन बसले. आमच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र चालवलं. म्हणाल्या, "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. जा, काम करा."

म्हणजे कान नाही. घरी येऊन टेकडीवरचा बीकन ऐकला. बीकन म्हणजे रेडिओवाल्यांच्या क्लबाने ठेवलेला छोटा ट्रान्समीटर, दिवसरात्र तीच शिट्टी वाजवत असतो, आपला सेट तपासायला बरा पडतो. तो चारावर आला, नेहमी येतो तिथेच. तसं पाहिलं तर माझा सेट ठीक असायला हवा. पण बीकनची टेकडी वेगळ्या दिशेला आहे आणि जवळ आहे, त्यावरून काही ठरवता येत नाही.

ह्यांना सांगितलं. हे शाळेत चित्रकला शिकवतात, रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. तरी म्हणाले, "मग दादांकडेच काही बिघडलं असेल."

मी म्हटलं, "दादाकडे बिघडलं असतं तर त्याला माझ्याआधी कळलं असतं. आणि ऐकू न येण्यात दोष ऐकणाऱ्याचा असतो, हे मी पगार घेऊन शिकलेय."

ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

रविवार, ११ फेब्रुवारी

दादाला सरळ सांगितलं: तू मला येत नाहीस. तो थोडा वेळ आलाच नाही, मला वाटलं तेवढंही गेलं. मग म्हणाला, "तुझ्याच बाजूला आहे. केबल जुनी झाली. प्रीॲम्प्लिफायर लाव." मध्ये थांबत थांबत, तीनदा सांगितलं तेव्हा कळलं.

खरं आहे. अँटेनापासून खोलीपर्यंतच्या केबलमध्ये बारीक सिग्नल अर्धा मरतो. अँटेनाच्या बुडाशीच एक डबी बसवायची, तिने तो आधीच मोठा करून खाली पाठवायचा. मात्र नुसता मोठा करून भागत नाही, त्यात डबीची स्वतःची खरखर पडते आणि तीही मोठी होते. स्वतः गप्प राहून दुसऱ्याचं मोठं करणारी डबी पाहिजे. दादा म्हणाला, "तयार घेऊ नको. किट आण. स्वतः बांध. मला विचारून निवड."

आवाज येत नव्हता तरी स्वारी खूश झाल्याचं कळलं मला. पूर्वी असा विषय निघाला की तो बोलतच सुटायचा, माझा चहा गार व्हायचा. आता तोडून तोडून बोलतो आणि लगेच मला म्हणतो, "तू बोल." वय झालं की माणसाला शिस्त येते. उशिरा आली, पण मी तक्रार करणार नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार चष्म्यावर दुसरा चष्मा लावून बसतो आणि गिऱ्हाइकाकडे त्या दोन्हींच्या वरून बघतो. त्याच्याकडे तीन किटं आहेत. पहिलं जुन्या ट्रान्झिस्टरचं. बांधायला सोपं, हाताळायला दणकट, पण स्वतःची खरखर जास्त. दुसरं नव्या ट्रान्झिस्टरचं. त्याची खरखर इतकी कमी की मला आधी छापण्यात चूक झाली असं वाटलं. पण ते फार हळवं आहे, हाताला असलेल्या स्थिर विजेनेसुद्धा मरतं आणि शहरातल्या दांडग्या ट्रान्समीटरांनी गांगरून जातं. तिसऱ्यात ट्रान्झिस्टर तोच, पण पुढे गाळणी आहे, नको ते सिग्नल दारातच अडवायला. शिवाय बायपास आहे: बटण दाबलं की रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, फिरतो आणि सिग्नल डबीला वळसा घालून सरळ खाली येतो, डबी नव्हतीच असा. बांधायला तेच सगळ्यांत किचकट.

इस्पितळात आज एक चाळिशीतला माणूस बायकोबरोबर आला. म्हणे बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. तपासलं, कान खणखणीत. मी कागदावर तसं लिहिलं आणि डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बायको जाताना काहीतरी म्हणाली, मीही ऐकलं नाही, पुढचा पेशंट आत आला होता.

रविवार, १८ फेब्रुवारी

दादाने तीन दिवस मला तीन किटांवर नाचवलंय. शुक्रवारी मी म्हटलं पहिलं घेते, तर त्याने विचारलं, "केबल किती खाते? मोज." मोजलं. मग दुसरं घेते म्हटलं, तर म्हणाला, "शेजारी टॅक्सीवाल्यांचा ट्रान्समीटर आहे ना? बघ." पाहिलं. पूर्वी तो उत्तर तोंडावर फेकायचा. आता एक प्रश्न टाकतो आणि गप्प होतो, मग मी दिवसभर डोकं खाजवते आणि दुसऱ्या दिवशी मला भरपूर सांगायला असतं. आज म्हटलं, "अरे, एका डबीला किती दिवस लावणार आपण?"

"घाई नको," दादा म्हणाला. हे मात्र स्पष्ट आलं.

अकरा वाजता वहिनींना सहज फोन केला. म्हटलं दादाला द्या, एक आकडा विचारायचाय. तर म्हणाल्या, "झोपलेत, वन्सं." दिवसाढवळ्या अकरा वाजता. मी म्हटलं मग पुढच्या आठवड्यात दोन दिवस येऊनच जाते. त्या एकदम म्हणाल्या, "आत्ता नको. घरात रंगकाम काढलंय, सगळं सामान बाहेर आहे, बसायला जागा नाही." तरीच तो हल्ली सेटवर मध्येच खोकतो. चुन्याची धूळ त्याला पहिल्यापासून सोसत नाही. रंगारी घरात असताना पाहुणा नको, हे मीही समजते.

बुधवार, २१ फेब्रुवारी

दादा आला नाही. तिकडची वीज गेली असेल.

शनिवार, २४ फेब्रुवारी

ठरलं एकदाचं. तिसरं.

मी शेवटी दुसऱ्यावर येऊन बसले होते. बायपास कशाला पाहिजे? आपण बोलतो तेव्हा डबी जळू नये म्हणून रिले त्या किटातही आहे. वेगळं बटण देऊन ती मुद्दाम बाजूला काढायची, हे मला चैनीचं वाटलं. दादा हटून बसला. एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "ज्यात बायपास आहे, तेच. डबी आहे आणि नाही, दोन्ही ऐकता आलं पाहिजे. नाहीतर सुधारलं ते कशामुळे, कसं कळणार?"

बरोबर आहे. मीसुद्धा माणसाला यंत्र लावून आणि काढून, दोन्ही तऱ्हेने तपासते. मला सुचायला हवं होतं. वाक्य लांब होतं, नंतर तो बराच वेळ आला नाही. मी हाका मारत राहिले.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

किट आणलं. टेबलावर पांढरा कागद पसरून सगळे भाग मांडले. ट्रान्झिस्टर तिळाएवढा आहे, शिंकले तर सापडायचा नाही. हे परीक्षेच्या कामाला दोन दिवस बाहेरगावी गेलेत, त्यामुळे टेबल पूर्ण माझं.

शनिवार, २ मार्च

हे परत आले. थकलेले दिसले, जेवले नाहीत. मी किट दाखवायला गेले तर एकेक भाग हातात घेऊन बघत बसले. आजवर कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग विचारलं, "किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, "सुट्टीच्या दिवशीच हात लावता येतो. महिना धरा."

"शाळेतून येताना मी भाजी आणत जाईन, स्वयंपाकाचंही बघतो," हे म्हणाले. "तू रोज संध्याकाळी बस."

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. परीक्षेच्या कामात काय बघून आले कोण जाणे. मी कारण विचारलं नाही, न जाणो विचार बदलायचा.

रविवार, १० मार्च

हाताला पट्टा बांधून, तो जमिनीला जोडून, श्वास रोखून ट्रान्झिस्टर बसवला. भिंग धरायला हे होते. कथिलाचा एक थेंब जास्त पडला आणि दोन पाय चिकटले तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. हे म्हणाले, "दादा शिकवताना हेही शिकवायचे का?" मी म्हटलं, "हे तर सगळ्यांत आधी."

तारेची वेटोळी ड्रिलच्या दांड्यावर गुंडाळली. पहिली बिघडली, दुसरी बिघडली, तिसरी जमली.

दादाचं मात्र उलटं झालंय. घाई नको म्हणणारा आता रोज विचारतो, "झालं का?" एवढंच विचारतो. सुई हलते न हलते. मला राग येतो. आज म्हटलं, "होईल तेव्हा होईल, घोड्यावर बसून आलायस का?" नंतर वाईट वाटलं. एवढी पहाटे उठून तो फक्त तेवढंच विचारायला सेटवर येतो.

बुधवार, १३ मार्च

दादा आला की नाही, सांगता येत नाही. खरखर थोडी वेगळी वाटली, एवढंच. केबल फारच गेलेली दिसते. आता डबी वर चढवल्याशिवाय गत नाही.

शनिवार, १६ मार्च

झालं. ह्यांनी गच्चीवर शिडी लावली, मी खालून ओरडत होते आणि हे वरून "कळलं, कळलं" म्हणत होते, म्हणजे कळलं नव्हतं. शेवटी मीच चढले. डबी अँटेनाखाली बसली, पाणी जाऊ नये म्हणून सगळे सांधे चिकटपट्टीने गुंडाळले. खाली येऊन बीकन लावला. डबी चालू केल्यावर आधी खरखरही वाढली, पण रेडिओचं गेन, म्हणजे आलेला सिग्नल मोठा करायचं बटण, खाली आणलं तशी ती बसली, आणि बीकन असा वर आला की हा शेजारच्या गल्लीत आहे की काय असं वाटावं. एवढी स्वच्छ शिट्टी मी आजवर ऐकली नव्हती. उद्या दादा.

एक लिहायचं राहिलं. सकाळी इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा तो खणखणीत कानांचा माणूस आठवतो? त्याच्या बायकोचा घसा पाहिला मी. एक स्वरतंतू लुळा पडलाय. त्याला ऐकू येत नव्हतं ते बरोबरच होतं, तिलाच आवाज नव्हता."

एवढंच. पण दिवसभर मला उगाच कसंसं होत होतं. शिडीवर चढायची भीती असेल.

रविवार, १७ मार्च

जे झालं ते झालं तसं लिहिते.

साडेसहाला सेट लावला. डबी चालू. हे दारात उभे होते, रविवार असून अंघोळ करून, बाहेर जायचे कपडे घालून. मी हाक मारली. उत्तर आवाजात आलं नाही, मोर्समध्ये आलं, किल्लीने वाजवलेल्या आखूड-लांब सुरांच्या लिपीत. ठसठशीत, गोल सूर, सुई नऊच्या पलीकडे. "कसा येतोय" असं त्याने विचारलं. मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच. माइकवर म्हटलं, "दादा, नऊच्या वर. भिंतीला तडा जाईल असा येतोयस." ह्यांना मोर्स येत नाही म्हणून मी एकेक शब्द मोठ्याने सांगत होते. "शाबास टिटवे," दादा म्हणाला. मी तेही ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली.

मग दादाने वाजवलं, "आता बायपास कर."

मी बटण दाबलं. वर रिले टक् करून फिरला. सुई खाली आली आणि सातावर उभी राहिली.

सात. डबी नाही, काही नाही, तीच जुनी केबल, आणि दादा सातावर. गेल्या वर्षी यायचा तिथेच. मी बटण दोनदा पुन्हा दाबून पाहिलं. नऊच्या वर, सात. नऊच्या वर, सात. केबल तीच होती, डोंगर तोच होता, माझे कान तेच होते. बीकनने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी त्याला बाजूला बसवलं होतं. मोर्समध्ये किल्ली दाबली की पूर्ण ताकद बाहेर जाते, बोट कितीही हलकं असो. बोलताना मात्र आवाज असेल तेवढीच ताकद जाते. माझ्या भावाचा रेडिओ ठीक होता. माझाही ठीक होता.

मी डबी परत चालू केली आणि म्हटलं, "दादा, एकदा तोंडाने बोल."

मग तो बोलला. सुई जागची हलली म्हणायची इतकंच, पण आता खरखर बसलेली होती आणि मला ऐकू आलं. आवाज नव्हता तो. नुसता श्वास होता, आणि त्या श्वासावर कसेबसे धरलेले शब्द. एका शब्दासाठी एक श्वास, पुढच्यासाठी पुन्हा एक. "टिटवे," तो म्हणाला. "किट. छान. झालं."

मी रडायला लागले. बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे ते सगळं डोंगरापलीकडे गेलं. तिकडून मोर्स आला: "रडू नको. माइक गंजतो."

विचारलं, कधीपासून. म्हणाला, बरेच महिने. छातीत गाठ आहे, ती आवाजाची शीर दाबते, आता श्वासही दाबते. डॉक्टरांनी हात टेकलेत. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" मग सावकाश, एक एक अक्षर सोडत तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू रोज तब्येत विचारली असतीस. किटबद्दल कोण बोललं असतं."

मागे वळले तर ह्यांच्या हातात बॅग होती. "साडेनऊची गाडी आहे," हे म्हणाले. "तुझे कपडे घेतलेत."

"तुम्हाला माहीत होतं."

"परीक्षेचं काम म्हणून गेलो तेव्हा मी त्यांनाच भेटून आलो होतो. किट बांधून होईपर्यंत सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्यांनी."

मी गाडीत सगळा रस्ता ह्यांच्याशी बोलले नाही. आता लिहिताना कळतंय की हे पंधरा दिवस माझ्याकडे बघत भाजी चिरत होते.

सोमवार, १८ मार्च

रंगकाम नाही, काही नाही. भिंती जुन्याच आहेत. वहिनी दारातच माझा हात धरून म्हणाल्या, "वन्सं, माझ्यावर रागावू नका, मला खोटं बोलायला लावलं त्यांनी." मी काय रागावणार. त्या माझ्यापेक्षा जास्त वाळल्यात.

दादा उशांना टेकून बसलेला असतो, आडवं होता येत नाही. एवढासा झालाय. मला बघून डोळे मिचकावले आणि पलंगाच्या कडेवर बोटाने मोर्स वाजवून विचारलं, बायपासचा रिले आवाज करतो का. मी म्हटलं, टक् करतो. त्याने मान डोलावली, तसाच करायला पाहिजे अशी.

दुपारी त्याला झोप लागल्यावर मी त्याच्या सेटपाशी जाऊन बसले. माइकचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, त्यापुढे जागा नाही. मध्ये एक नवी डबी होती, दादाच्याच हातची, बोलण्यातला हलका आवाज उचलून मोठा करणारी. तिचंही बटण शेवटपर्यंत. माइक उभ्या दांडीला चिंध्यांनी बांधला होता, ओठ टेकतील एवढ्या उंचीवर, हाताने धरायला नको म्हणून. खुर्चीत पुढे, टेबलाच्या कडेला, एक उशी होती, छाती टेकायला. वहिनी म्हणाल्या, "साडेसहाला बोलायचं म्हणून पाचला उठून बसायचे. आधी तासभर एक शब्द काढायचे नाहीत, साठवून ठेवायचे. आणि 'झालं का' एवढं विचारून आले की दिवसभर गुंगीत."

आणि मी त्याला म्हटलं होतं, घोड्यावर बसून आलायस का.

मी तिकडे जे करत होते तेच तो इकडे करत होता. दोन्ही टोकांनी आम्ही त्या एका आवाजाला मोठं करायला धडपडत होतो, आणि त्यातल्या एकालाच माहीत होतं की वाढवायला काही उरलं नाहीये. मी त्या उशीवर डोकं ठेवून बसून राहिले.

गुरुवार, २१ मार्च

आता आमच्यात डोंगर नाही. मी त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसते. तरी एकेक शब्द त्याला जड जातो, म्हणून तो माझ्या तळहातावर बोटाने मोर्स वाजवतो. आज म्हणाला, तिसरी वेटोळी जमली म्हणतेस, पहिल्या दोन का बिघडल्या? मी सांगितलं. तो म्हणाला, ड्रिलचा दांडा एक नंबर मोठा घेतला असशील. घेतला होता.

तब्येत मी एकदाही विचारली नाही.

बुधवार, २७ मार्च

दादा पहाटे गेला. मी आणि वहिनी जवळ होतो. काल संध्याकाळपासून बोट हलत नव्हतं. मी त्याच्या हातावर वाजवत होते, काहीबाही, लहानपणचं. त्याला कळत होतं असं वहिनी म्हणतात. मला माहीत नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

कामावर जायला लागले. आज एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलीने आणलं. म्हातारा म्हणाला, मला सगळं ऐकू येतं, हीच पुटपुटते. मी त्याला काचेच्या खोलीत बसवायच्या आधी मुलीला म्हटलं, तुम्ही बोला जरा माझ्याशी. तिला कळेना काय बोलायचं. मी म्हटलं, काहीही बोला. तिचा आवाज चांगला मोकळा होता. मग म्हाताऱ्याला आत नेलं.

सकाळचं लिहायचं राहिलं. आल्यापासून सेट झाकून ठेवला होता. आज साडेसहाला हे उठले, चहा केला, सेटवरचं कापड काढलं आणि कप रेडिओवर ठेवून निघून गेले. मग मी बसले. अँटेना डोंगराकडे फिरवली. डबी चालू केली, गेन खाली आणलं. आधी बीकन पाहिला, तो स्वच्छ आला. मग डायलवर आमच्या नेहमीच्या जागेवर गेले. खरखर जवळजवळ नव्हतीच. किट उत्तम झालंय, त्यात काही म्हणायला जागा नाही. डोंगरापलीकडे कोणी नुसता श्वास घेतला असता तरी कळलं असतं.

ते सहन होईना. मी गेन हळूहळू वर नेलं, खरखर परत आली. पूर्वी येत होती तेवढी झाल्यावर हात थांबवला. तिच्याखाली कोणीतरी असेल, आपल्यालाच ऐकू येत नसेल, असं निदान वाटतं. चहा गार होईपर्यंत तशीच बसले होते.